बाजारचा दिवस आणि नकाशावरची टाचणी

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं, वडकबाळला सीना ओलांडली, की थोड्या वेळात मंद्रूप येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे मोठं गाव. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा आणि भीमेपलीकडे कर्नाटक. त्यामुळे इथल्या दुकानदाराला मराठीइतकंच कानडीतही गिऱ्हाईक करता यावं लागतं. या गावच्या बाजूला विहिरींवरच्या मोटारी रिवाइंडिंग करून देणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. काही वर्षांपूर्वी भेटले तेव्हा थोडं हसत आणि बरंचसं वैतागत म्हणाले, “सर, माझं दुकान रस्त्याला हाय, पण गिऱ्हाईक जाऊन ज्वारीत उभारतंय बघा!”

झालं होतं ते असं. मोबाईलवरच्या एका नकाशात त्यांच्या दुकानाचं नाव कुणीतरी टाकलं होतं. कुणी टाकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण नावावरची खूण, म्हणजे ती लाल टाचणी, खऱ्या जागेपासून दोनेक किलोमीटर लांब एका शेतात रोवली गेली होती. भीमेपलीकडचा एक शेतकरी जळालेली मोटार टेम्पोत घालून आला, फोनवरच्या बाईच्या आवाजाने सांगितलं तसं वळत गेला आणि उभ्या ज्वारीपुढे येऊन थांबला. तिथून त्याने फोन केला, तेव्हा कुठे आमच्या या गृहस्थांना कळलं, की आपलं दुकान जगाच्या नकाशावर आहे आणि ते चुकीच्या ठिकाणी आहे.

मला त्यांच्या तक्रारीपेक्षा तिच्यामागचा प्रश्न मोठा वाटला. माझा पत्ता जगाला सांगायचा अधिकार कुणाचा? माझ्या दुकानात कोण आलं, किती वेळ थांबलं, याची नोंद ठेवायची कुणी? आणि त्या नोंदीचा फायदा घ्यायचा कुणी? या प्रश्नांची उत्तरं शोधताना आपल्याला फोनच्याही बरंच मागे जावं लागतं.

‘मी आत्ता इथं आहे’ ही बातमी ओळखीच्या माणसांना मिळणं आणि त्या बातमीवर धंदा उभा राहणं, हे काम आपल्याकडे शेकडो वर्षं आठवडी बाजाराने केलं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाजाराच्या गावाचा वार ठरलेला. कापडवाला, कासार, मिरची-मसाल्याचा व्यापारी यांचं सगळं वेळापत्रक त्या वारांवर बेतलेलं. आज अमका कुठे असेल, हे विचारायला लागत नसे. वार सांगितला की गाव कळे आणि गाव सांगितलं की त्याची बसायची जागाही कळे. बाजारात खरेदी होई तशा सोयरिकी जमत, मजूर ठरत, पावसाची नि भावाची बातमी मिळे. ज्याची उधारी थकलेली असे, तो त्या दिवशी तिकडे फिरकत नसे. त्याचं न येणं हीसुद्धा दुकानदाराला एक बातमीच होती.

राज्यकर्त्यांनाही या गोष्टीची किंमत कळलेली होती. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल दिला जाई. काही वर्षं कर माफ किंवा कमी, म्हणजे व्यापारी येऊन वसावेत. पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे. सोलापुरात आजही मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशी वारांची नावं ऐकू येतात, साखर पेठेसारखी मालाची ऐकू येतात, आणि चाटी गल्ली हे नाव तर कापडाच्या व्यापाऱ्यावरूनच पडलेलं. गल्लीचं नाव हीच तिची जाहिरात. धोतरजोडी घ्यायला आलेल्या खेडूताला वेगळी पाटी वाचायची गरज नव्हती.

या जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण होतं, ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. सोलापूरला दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. तिला आपण गड्डा म्हणतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली असं मानतात, आणि यात्रेत नंदीध्वज त्या अडुसष्ट ठिकाणी जाऊन येतात. त्या यात्रेतला जनावरांचा बाजार भरत आला तो विजापूर रस्त्यावर, रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात; म्हणजे मंद्रूपच्याच वाटेवर. खिलार बैलांच्या जोड्या, महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले शेतकरी, सगळा उघडा मामला. कोण आलंय, कुणाची जोडी कशी आहे, हे साऱ्यांना दिसतंय. पण भाव ठरायची वेळ आली की हातावर रुमाल पडतो. घेणारा आणि देणारा त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो कळत नाही.

हजेरी उघडी आणि भाव झाकलेला, हा जनावरांच्या बाजाराचा रिवाज. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे बाजारातल्या माणसांनी स्वतःच ठरवलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

बाजाराबाहेरच्या माणसाला ठिकाण कळावं यासाठीचं मोठं काम आपल्या टपाल खात्याने केलं. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, वाचता न येणारी अक्षरं, यातून मार्ग काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा आकडा ४. पहिले तीन मिळून टपालाची छाननी कुठे व्हायची ते कळतं आणि उरलेल्या तीनांवरून टपाल कार्यालय. ४१३ पाहिलं की पत्र सोलापूरकडच्या बाजूला निघतं. मनीऑर्डर, व्ही.पी.ने येणारी पुस्तकं, बियाणं, औषधं हे सगळं या आकड्यांच्या आधाराने खेड्यापर्यंत नीट पोचू लागलं. ठिकाणाला आकडा मिळाला आणि तो आकडा सर्वांचा होता. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि तो कुणी एका सकाळी बंद करून टाकील अशी भीतीही नव्हती.

यानंतरची पायरी टेलिफोनची. १९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत ‘जस्ट डायल’ सुरू केलं. तुम्ही फोन करायचा, काय हवंय आणि कुठल्या भागात हवंय ते सांगायचं. पलीकडून तुम्हाला दुकानांची नावं आणि नंबर मिळायचे. विचारणाऱ्याला ही माहिती फुकट, आणि यादीत ठळकपणे झळकायचं तर दुकानदाराने पैसे मोजायचे. ‘जवळच्या जवळ कोण आहे’ या प्रश्नावर धंदा उभा राहू शकतो, हे या सेवेने आपल्याकडे दाखवून दिलं.

त्याच सुमारास आकाशात एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे जे संकेत सामान्य माणसाला मिळत, त्यांत लष्करी कारणासाठी मुद्दाम चूक ठेवलेली असे. जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे दिसे. मे २००० मध्ये ही मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्यात आली आणि दहा-वीस मीटरपर्यंतची अचूकता सर्वांना मिळाली. पुढे हे यंत्र मोबाईलमध्ये बसलं आणि खिशातल्या फोनलाच आपण कुठे आहोत हे कळू लागलं.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये डेनिस क्राउली आणि अॅलेक्स रेनर्ट या दोघांनी ‘डॉजबॉल’ नावाची सेवा काढली. तुम्ही ज्या उपाहारगृहात बसलात त्याचं नाव लघुसंदेशाने कळवायचं. सेवा ते तुमच्या मित्रांना सांगायची आणि जवळ असलेले मित्र येऊन मिळायचे. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये क्राउली यांनी नवीन सेल्वादुराई यांच्यासह टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरातल्या एका महोत्सवात ‘फोरस्क्वेअर’ पुढे आणली. डॉजबॉल आणि फोरस्क्वेअर ही दोन्ही तिकडच्या मुलांच्या चेंडूच्या खेळांची नावं. आपल्याकडे कुणी ‘लगोरी’ नाव ठेवावं तशी.

खेळ खरोखरच होता. एखाद्या जागी गेलं की फोनवर हजेरी लावायची, त्याला ते ‘चेक-इन’ म्हणत. हजेरीला गुण मिळत, बिल्ले मिळत. एखाद्या ठिकाणी सर्वांत जास्त दिवस जो हजेरी लावेल, तो तिथला ‘मेयर’. आपल्या भाषेत त्या जागेचा गावपाटील. शिवाय मागून येणाऱ्यांसाठी तिथल्या तिथे चार शब्द लिहून ठेवता येत: इथला अमका पदार्थ चांगला, तमक्या वेळी गर्दी असते. येणाऱ्या अनोळखी माणसासाठी जागेवरच काही लिहून ठेवणं ही गोष्ट मंद्रूपच्या माणसाला नवी वाटू नये. त्याच्याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हे वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात लिहिलेलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने संगमावर येणाऱ्या प्रत्येकासाठी चार शब्द ठेवले. फरक इतकाच, की त्याने ते दगडावर लिहिले.

फोरस्क्वेअरचा दुकानदाराला उपयोग काय होता? तो खरा होता, आणि तो मान्य केला पाहिजे. दुकानाच्या मालकाला आपल्या जागेवर हक्क सांगता येई. मग किती लोक आले, कोणत्या वेळी आले, वारंवार येणारे कोण, हे आकडे त्याला दिसत. हजेरी लावणाऱ्याला सवलत देता येई. २०१० च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘स्टारबक्स’ने आपल्या दुकानांच्या या ‘मेयर’ मंडळींना एका थंड पेयावर एक डॉलरची सूट दिली, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. नेहमीचं गिऱ्हाईक ओळखायचं आणि त्याला थोडं झुकतं माप द्यायचं, एवढंच त्याचं सार. आपल्या टपरीवरचा चहावाला रोजच्या माणसाच्या कपात आलं थोडं जास्त घालतो, तेही हेच. पण चहावाल्याकडे शंभर माणसं येतात आणि तो ती तोंडाने ओळखतो. हजारो दुकानं असलेल्या कंपनीला ही ओळख यंत्राकडून करून घ्यावी लागली.

लवकरच दुसरी बाजूही दिसली. फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या काही तरुणांनी एक संकेतस्थळ काढलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘कृपया माझ्याकडे चोरी करा’ असा. लोक आपण कुठे आहोत हे उघडपणे सांगतात, म्हणजेच आपण घरी नाही हेही सांगतात, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. रुमाल टाकायचं लोक विसरले होते.

दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी. लोकांना हजेरी लावायचा कंटाळा आला. बिल्ल्यांची गंमत किती दिवस टिकणार? ‘गोवाला’ नावाची स्पर्धक सेवा फेसबुकने २०११ च्या अखेरीस आपल्याकडे घेतली आणि ती २०१२ मध्ये बंद झाली. फोरस्क्वेअरने २०१४ मध्ये हजेरीचा खेळ ‘स्वार्म’ नावाच्या वेगळ्या सेवेकडे दिला. पण लोकांच्या जाण्या-येण्याची जी नोंद साठली होती, ती सोन्याच्या मोलाची निघाली. २०१६ मध्ये ‘चिपोटले’ या अमेरिकी उपाहारगृहांच्या साखळीचा तिमाही हिशेब जाहीर व्हायच्या आधीच फोरस्क्वेअरने सांगून टाकलं, की त्यांची विक्री सुमारे २९ टक्क्यांनी घटलेली असेल. आदल्या वर्षी तिथल्या अन्नातून आजार पसरला होता आणि गिऱ्हाईक पांगलं होतं. प्रत्यक्ष आकडा जवळजवळ ३० टक्के आला. दुकानात कोण येतं नि कोण येत नाही, हे दुकानदाराने जाहीर करण्याआधी तिसऱ्यालाच कळलं होतं. कंपनीचा भर मग ही माहिती व्यवसायांना विकण्यावर राहिला. ठिकाणं शोधून देणारं तिचं मूळ अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. कितीतरी दुकानांबद्दल लोकांनी हौसेने लिहिलेले शब्द त्या अॅपवर होते. दगडावरचं लिहिणं हजार वर्षं टिकलं, हे पंधरा वर्षांत आटोपलं.

आपल्याकडे हा हजेरीचा खेळ खेड्यापर्यंत आलाच नाही. थ्री-जीचा लिलावच २०१० मध्ये झाला, आणि गावोगाव इंटरनेट परवडू लागलं ते २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा. पण खेळ आला नाही तरी त्याच्या पोटातलं काम आलं. नकाशावर दुकान शोधणं, तारे देणं, बरंवाईट लिहिणं, व्हॉट्सअॅपवरून आपली जागा पाठवणं, हे आज मंद्रूपच्या पोरासोरांनाही येतं. आता हजेरी लावायला बटण दाबावं लागत नाही. परवानगी एकदा दिलेली असली की फोन ती स्वतःच लावतो. जनावरांच्या बाजारात रुमाल आपल्या हातात होता. फोनमधला रुमाल कुठे आहे, हेच पुष्कळांना माहीत नसतं. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायद्याने दिलेलं संमतीचं शस्त्र वाचूनच वापरावं लागतं.

म्हणून या सेवांकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. ठिकाणाच्या नावाला किंमत असते, हे सोलापूरकराला वेगळं शिकवायला नको. सोलापुरी चादर ही अनेक पिढ्यांच्या विणकरांनी, त्यांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी, मिळून कमावलेली नाममुद्रा. दुसरीकडे विणलेला मालही ‘सोलापुरी’ म्हणून विकला जाऊ लागला, तेव्हा नावाचं मोल सगळ्यांना कळलं. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये झाला, २००३ मध्ये अमलात आला आणि २००५ च्या सुमारास सोलापुरी चादर आणि टॉवेल यांची त्याखाली नोंद झाली. पुढे मंगळवेढ्याच्या ज्वारीची आणि सोलापूरच्या डाळिंबाची झाली. इथे ठिकाणाचं नाव हे त्या ठिकाणच्या कष्टकऱ्यांचं सामाईक धन आहे, असं कायद्याने मानलं. नकाशावरच्या टाचणीकडेही त्याच नजरेने पाहिलं पाहिजे. ती टाचणी म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. तिच्याखाली आपली जागा आणि आपली पत आहे.

टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ पुढे आणला आहे. देशातल्या सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण. वेलणकरांच्या सहा आकड्यांचा हा पुढचा वंशज. शेतातल्या वस्तीला, बांधावरच्या गोठ्याला, रस्त्याकडेच्या दुकानाला घर क्रमांक नसतो; त्यांना अशा खुणेचा उपयोग होऊ शकेल. ती सार्वजनिक आहे, ही तिची मोठी जमेची बाजू.

आता आमच्या मोटारवाल्या गृहस्थांकडे परत येऊ. त्यांच्या पुतण्याने एके दिवशी दुकानातच उभं राहून टाचणी शेतातून उचलली आणि रस्त्याला आणून लावली. नोंदीवर मालक म्हणून हक्क सांगितला. फोन नंबर, दुकानाची वेळ आणि बाजाराच्या दिवशी दुकान उशिरापर्यंत उघडं असतं हेही घातलं. दुकानाचं नाव मराठीत लिहिलं आणि नदीपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी कानडीतही. घरातल्या माणसांचे फोटो मात्र काढून टाकले. त्यानंतर ज्वारीतून फोन आला नाही. अनोळखी गावांची गिऱ्हाइकं अधूनमधून येतात आणि “नकाशावर बघून आलो” म्हणतात. फायदा झाला, आणि तो ते मोकळेपणाने कबूल करतात.

पण माझं लक्ष गेलं ते त्यांच्या गल्ल्याशेजारच्या जाड वहीकडे. मोटार कुणाची, कोणत्या गावची, किती अश्वशक्तीची, तार कोणत्या मापाची घातली, कधी दिली, पैसे किती राहिले, सगळं त्यांच्या हाताने लिहिलेलं. दहा वर्षांपूर्वीची मोटार पुन्हा आली तरी पान उलटून सांगतात. मी विचारलं, “आता हे सगळं फोनवर का ठेवत नाही?” ते म्हणाले, “ठेवतोय की. पण वही माझ्या घरात हाय.”

नकाशा दुसऱ्याचा असू द्यावा, त्याचा उपयोगही जरूर करून घ्यावा. गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणण्याचं काम तो करील. दारात आलेल्या माणसाची ओळख आणि हिशेब ज्या वहीत आहे, ती वही मात्र आपल्याच घरात असावी.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)